24 मीटरची चकचकीत यॉट: आठ महिने चालवल्यावर

ही मोटर यॉट मी आठ महिने चालवली. मालक वेगळे, मी पगारी कप्तान. त्यामुळे तिच्या किमतीचं ना मला कौतुक, ना दुःख. मीटरवर इंजिनांचे 310 तास भरलेत, त्यातले साठेक तास रात्रीचे. बांधणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दिसण्यापायी सुरक्षितता मागे टाकायचा हा रोग तिच्या एकटीचा नाही. प्रदर्शनात लोक ज्या बोटींसमोर फोटो काढतात, त्यातल्या निम्म्या अशाच निघतील.

चांगलं आधी सांगतो, ते थोडक्यात होईल. दोन्ही डिझेल इंजिनं एकदाही रुसली नाहीत. गायरो, म्हणजे बोटीचं डोलणं आवरणारं जड फिरतं चाक, झकास आहे. नांगर टाकून उभे असलो की डोलणं जवळपास थांबतं, फक्त त्याला वेग पकडायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. केबिन शांत आहेत आणि एसीही नीट चालतो. जेटीला बांधलेली असताना हिच्यासारखी बोट नाही.

आता रात्रीचं ऐका. सुकाणूसमोरचा सगळा डॅशबोर्ड पांढऱ्या चामड्याने मढवलेला आहे, वर नारिंगी दोऱ्याची दुहेरी शिवण. दिवसा खरंच देखणा दिसतो. रात्री तीन मोठ्या स्क्रीनचा उजेड त्या चामड्यावर पडतो आणि तिथून समोरच्या तिरक्या काचेत उतरतो. पहिल्याच रात्री समुद्राच्या जागी मला ती शिवण दिसत होती. नारिंगी ठिपक्यांची एक लांबच लांब रांग. त्यातला एक ठिपका सरकला तेव्हा लक्षात आलं की ही शिवण नव्हे, मच्छीमार होडीचा दिवा आहे. इंजिनं न्यूट्रलला टाकली, होडी आमच्या डाव्या अंगाने गेली. किती अंतरावरून, ते लिहायला नको वाटतं.

समुद्रातली टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला 5वा नियम म्हणतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवा. डोळ्यांची गत सांगितलीच. कानांचं म्हणाल, तर सुकाणूजवळ उघडणारी एकही खिडकी नाही; उघडणारी काच म्हणजे बिजागरी आली, आणि बिजागरी आली की बाहेरची सलग काळी रेघ तुटते. स्क्रीनचा उजेड कमी करायचा तर मेनूत तीन पायऱ्या खाली उतरावं लागतं, तेही बोटाने स्क्रीन दाबत. डेकवरून भिजून आत आलो आणि स्क्रीनवर थेंब पडले की बटणं आपोआप दाबली जातात. एकदा एका थेंबाने माझा नकाशा पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला होता. फिरवायची साधी एक खुंटी दिली असती तर काय बिघडलं असतं?

चालत्या बोटीत माणसाचा एक हात कायम कशाला तरी धरलेला हवा. या बोटीत धरायलाच काही नाही. दिवाणखान्याच्या दारापासून जिन्यापर्यंत सहा मीटर चालायचं आणि वाटेत हाताला लागतं काय, तर दगडी टेबलाचा टोकदार कोपरा. छतालगत एक दांडा असता तर काम झालं असतं, पण दांड्याने म्हणे 'स्वच्छ रेषा' बिघडते. जिना अधांतरी फळ्यांचा, एका बाजूला काचेची भिंत, कठडा नाही. दुसऱ्या महिन्यात, लाट फार तर दीड-दोन मीटर असेल, मी त्या जिन्यावरून थेट त्या काचेवर गेलो. बरगडीला मार बसला. पुढचे तीन आठवडे खोकला आला की ती काच आठवायची. सुदैवाने तेव्हा हातात कुणाचं मूल नव्हतं.

सगळ्यात मोठं प्रकरण गादीचं. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, ऐसपैस गादी आहे, उन्हात लोळायला. गादीखाली झाकण, झाकणाखाली नांगराची साखळी ओढणारा विंच. एका पहाटे वारा फिरला आणि नांगर घसरायला लागला. अलार्म झाला तेव्हा 30 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटरचा वारा होता आणि मागे खडक दोनशे मीटरवर. विंच फिरवायचं बटण सुकाणूपाशी आहे, पण साखळी अडवून धरणारा स्टॉपर हातानेच सोडावा लागतो, आणि स्टॉपर गादीखाली. पहिली गादी खलाशाच्या हातून सुटली ती पत्त्यासारखी उडत माझ्या समोरच्या काचेवर आपटली आणि तिथून समुद्रात. क्षणभर मला काहीच दिसेना. दुसरी त्याने खाली टाकली आणि तिच्यावर चक्क बसला. तसंच बसून, एका हाताने रेलिंग धरून, दुसऱ्या हाताने त्याने स्टॉपर सोडला. तेवढा वेळ मी इंजिनांवर बोट पुढे दाबून धरली होती. खलाशाचं वय बावीस. नंतर तो मला एवढंच म्हणाला, "दादा, गादीला नाड्याच नव्हत्या हो." खरंच नव्हत्या. कुणाला नाड्या दिसू नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावलेली होती.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 10 नॉटचे 20 झाले की धक्का चौपट होतो. हिची बाजू उंच, भिंतीसारखी, त्यामुळे आडव्या वाऱ्यात जेटीला लागताना नाळेचा थ्रस्टर, म्हणजे नाळ बाजूला ढकलणारा पंखा, दाबून धरावा लागतो. तो विजेवरचा, दोन-तीन मिनिटांत तापून बंद पडतो. दोर बांधायचे क्लीट डेकमध्ये लपवलेले, अंगठ्याने दाबून वर काढायचे. काळोखात आणि घाईत ते करून बघा.

वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा टब आहे, हौसेने वेगळा बसवून घेतलेला. भरला की 900 लिटर, म्हणजे बोटीच्या सर्वात उंच जागी 900 किलो, वर माणसं वेगळी. शिवाय बोट कलली की पाणी कललेल्या बाजूलाच धावतं. कंपनीनेही बोट चालू करण्याआधी टब रिकामा करायला सांगितलंय, टबाच्या आतल्या कडेला तळहाताएवढ्या स्टिकरवर. रिकामा व्हायला वीस मिनिटं लागतात. पाहुण्यांना ती वीस मिनिटं कोण समजावणार?

बोट कसल्या हवेसाठी बांधलीय ते सांगणाऱ्या पाटीवर 'बी' वर्ग लिहिलाय: बोफोर्ट या वाऱ्याच्या मापावर 8 पर्यंतचा वारा आणि 4 मीटरपर्यंतची लाट. मालकांना वाटायचं की 4 मीटरहून मोठी लाट येणारच नाही असा त्याचा अर्थ. तो आकडा सर्वात उंच एक-तृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो. एखादी लाट त्याच्या दुप्पटही येऊ शकते.

19 ऑगस्ट 2024 ला सिसिलीजवळ नांगरलेली बायेशियन ही 56 मीटरची शिडाची यॉट बुडाली आणि सात माणसं गेली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेचा अंतरिम अहवाल मे 2025 मध्ये आला. डोलकाठी सुमारे 72 मीटर उंच. शिडं गुंडाळलेली आणि मधला सरकता कील, म्हणजे तळातून खाली उतरणारं पातं, वर घेतलेला असताना 63.4 नॉटहून जास्त आडवा वारा तिला आडवी पाडायला पुरेसा होता, असं त्यात आहे. 70.6 अंशांपलीकडे कलली की सरळ होणं नाही. मला टोचलं ते पुढचं: हा धोका बोटीवरच्या स्थिरतेच्या पुस्तिकेत लिहिलेलाच नव्हता, म्हणजे कप्तानाला तो कळायला मार्गच नव्हता. माझी बोट वेगळ्या जातीची आहे, तिला डोलकाठी नाही. तरी अहवाल वाचला त्या रात्री मी आमची पुस्तिका काढून बसलो. त्यातली सगळी गणितं टब बसवण्याआधीची निघाली.

कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात पॉलिशची बाटली आणि शुभेच्छांचं कार्ड आलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग आपणच हात घातला. डॅशबोर्डवर काळं मॅट कापड अंथरलं, खाली वेल्क्रो. छताला स्टीलचे दोन दांडे, जिन्याला कठडा. लाकडी मुलाम्यात भोकं पाडणाऱ्या सुताराचा हात दोनदा थांबला, मालकांचा एकदाही नाही, त्यांनी माझी बरगडी पाहिली होती. बाजूच्या अरुंद गल्लीत खरखरीत रंग मारला. टब हंगामभर कोरडा आहे, त्यात सध्या लाइफ जॅकेटं ठेवतो. स्थिरतेचं गणित नव्याने करायला एक नौका-अभियंता बोलावलाय, तो पुढच्या आठवड्यात येईल.

कुणी घ्यायचा विचार करत असेल तर जेटीवरची चाचणी मानू नका. रात्री, लाटेत, दिवे मालवून एक फेरी मागा. नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा.

नाळेवरच्या गादीचं नवं कव्हर मालकिणीने फिकट निळ्या रंगात मागवलंय. शिवणाऱ्याला मी आठ नाड्या सांगितल्या आहेत, जाडजूड, दिसतील अशा.