इंदिरा सागरातली बोट आणि फरशीवाल्याची पावडर : नऊ महिन्यांनंतर

बोट घेतली तेव्हा जो तो इंजिनाचं विचारत होता. किती हॉर्सपॉवर, पेट्रोल किती पिते, गिअर अडकतो का. बुडाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आणि गेले नऊ महिने माझे पैसे, माझे रविवार आणि माझी कंबर त्या बुडानेच खाल्ली आहे. म्हणून हा अनुभव फक्त बुडाचा. इंजिनावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

बोट १४ फुटी, फायबरची, सेकंडहँड, मागे २५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर लटकवलेलं इंजिन. तिघा मित्रांनी वर्गणी काढून सप्टेंबरात घेतली. हिवाळाभर ती मध्य प्रदेशात हनुवंतियाच्या बाजूला, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, आमच्यातल्याच एकाच्या शेताला लागून बांधलेली असते. धरणाचं पाणी मागे सरकायला लागलं की ट्रेलरवर चढवायची आणि सनावद, बडवाह, भेरूघाट करत इंदूरला, लोकमान्य नगरात आमच्या घरासमोर. भेरूघाटात मागे ट्रेलर असताना पोटात काय होतं ते पुन्हा कधीतरी.

पहिल्याच महिन्यात पांढऱ्या बोटीला मिशी फुटली. पाण्याची रेघ जिथे येते तिथे चारही बाजूंनी चार बोटं रुंदीचा तपकिरी पट्टा, चहा सांडून वाळल्यासारखा. हा खरोखर एक प्रकारचा चहाच आहे. इंदिरा सागरच्या पोटात सागवानाचं जंगल बुडालेलं आहे, २००४ मध्ये हरसूद हे अख्खं गाव बुडालं त्याच पाण्यात. शिवाय दर पावसाळ्यात काठच्या जंगलातला पालापाचोळा वाहून येतो. तो कुजला की टॅनिन, म्हणजे चहातही असतं ते तुरट द्रव्य, सुटतं, पाण्यातल्या लोहाशी त्याचं जमतं, आणि तो रंग जेलकोटमध्ये मुरतो. जेलकोट म्हणजे फायबरच्या बोटीचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. गाडीच्या रंगापेक्षा जाड खरा, पण बारीक छिद्रांचा, त्यामुळे डाग पटकन पितो. नवा असताना कमी, उन्हाने खडूसारखा झाला की जास्त. आमची बोट सेकंडहँड होती हे सांगितलंच.

माझा मावसभाऊ रेवदंड्याचा. त्याला फोटो पाठवला तर उलट फोन आला, "अरे, अँटीफाउलिंग मारलं नाहीस? तीन महिन्यांत कालवं चिकटतील." अँटीफाउलिंग म्हणजे बुडाला जीवजंतू चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग. मी आज्ञाधारकपणे त्याचे दोन डबे मागवले. डबे आले, मागची बारीक अक्षरं वाचली आणि हात थांबला. हा रंग काम करतो तो पाण्यात हळूहळू तांबं सोडून. समुद्रात मोठी जहाजं पूर्वी याहून जहाल, कथिलाचं एक संयुग घातलेले रंग लावायची. त्याने शिंपल्यांची वाट लागली, आणि २००८ पासून जगभर त्यावर बंदी आहे. आता आमच्या धरणात ना कालवं, ना बार्नॅकल (बुडाला चिकटणारे कवचाचे समुद्री जीव). त्यांना खारं पाणी लागतं. इथे येतं ते शेवाळ, बुळबुळीत साय आणि फार तर गोगलगायींची अंडी. त्यासाठी पाण्यात तांबं सोडायचं? बरं, सोडायचं तेही कुठे? इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदा येते ती मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, ७० किलोमीटरवरून पंपाने चढवून. आणि जलूद आमच्या बोटीच्या खालच्या अंगाला आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : असे बरेच रंग पाण्यातच राहणाऱ्या बोटींसाठी असतात, कोरड्यात महिनोन् महिने पडून राहिलं की त्यांचा गुण उतरतो. आमची बोट निम्मं वर्ष ट्रेलरवर असते. डबे माळ्यावर गेले.

शेवाळाची साय दिसायला बिनमहत्त्वाची वाटते. ऑक्टोबरच्या शेवटी चौघं बसून निघालो तर पूर्ण थ्रॉटल देऊनही बोटीचं नाक खाली येईना. एरवी वेग घेतला की ती पाण्यावर उचलली जाते, नाक बसतं, आवाज बदलतो. त्या दिवशी नांगरासारखी पाणी फाडत राहिली. मोबाइलवर वेगाचा आकडा ताशी २९ किलोमीटरच्या वर जाईना. काठावर ओढून बुडावरून हात फिरवला तर भेंडीच्या भाजीत हात घातल्यासारखं लागलं. नुसतं धुऊन पुन्हा सोडली, तीच चार माणसं, तर ३६.

ह्या धुण्यात मी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकलो, आणि ती फुकट आहे. बोट पाण्याबाहेर आली की लगेच, ओली असतानाच धुवायची. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने दहा मिनिटांत साय निघते. तीच बोट दोन तास उन्हात राहिली की साय वाळून कातडं होते, आणि मग तुम्ही दुपारभर घासत बसता. आम्ही पहिल्यांदा आधी जेवलो. दाल-बाफले होते, त्यामुळे दोन तासांचे तीन झाले. ब्रश गाडी धुण्याचा, लांब दांड्याचा, टोकं फुटलेल्या मऊ केसांचा घ्यावा. तारेची घासणी, भांड्यांची हिरवी घासणी, भांड्यांची पावडर, ह्यातलं काहीही जेलकोटला लावू नका. प्रत्येक ओरखडा पुढच्या शेवाळाला पाय रोवायला जागा देतो. प्रेशर वॉशर चालतो, पण रुंद फवाऱ्याचा आणि हातभर लांबून. जवळून मारला तर जुन्या भेगांच्या कडा उचलतो, स्टिकर तर जातातच.

साय गेली तरी मिशी राहिली. दिवाळीनंतर बोट घरी आणली आणि मी तो गाढवपणा केला ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. घरात बाथरूमचं अॅसिड होतं. फरशीवरचे डाग चुटकीसरशी जातात, मग हे का नाही जाणार? अर्ध्या बादली पाण्यात ओतलं आणि फडक्याने मिशीवर फिरवलं. डाग गेला, अगदी पाहता पाहता गेला. मी खूश. मग खाली ट्रेलरकडून फस्स असा आवाज यायला लागला. ओघळ गॅल्व्हनाइज्ड सांगाड्यावर पडले होते आणि जस्त बुडबुडे काढत विरघळत होतं. पाइप घेऊन धावलो, तोवर सांगाड्यावर काळपट नकाशा उमटला होता, आता त्यातूनच गंज येतोय. बोट वाळल्यावर दुसरं दुःख कळलं : जिथे फडकं फिरलं होतं तिथली चमक गेली होती. मिशीच्या जागी आता मॅट फिनिशची मिशी. आई गॅलरीतून म्हणाली, "आधी तपकिरी होती, आता भुरी झाली." भुरी मांजर असते, बोट नसते, हे तिला सांगायचं धैर्य झालं नाही.

उपाय सापडला तो शेजारी. शेजारच्या काकांकडे मोझॅकच्या फरशीला पॉलिश चाललं होतं. मशीनचे सगळे दगड फिरवून झाल्यावर शेवटी तो कारागीर एक पांढरी पावडर भुरभुरवून पाणी मारतो, तेव्हा फरशी उजळते. मी विचारलं ही काय. म्हणाला, "ऑक्झॅलिक है बाबूजी, जंग का बाप." म्हणजे ऑक्झॅलिक अॅसिड, गंजाचा बाप. मी घरात जाऊन बोटीचं बूड साफ करायच्या एका महागड्या परदेशी हल क्लीनरच्या वेबपानावरचे घटक पाहिले. तेच नाव. सियागंजात एक किलो दीडशे रुपयांना मिळाली. क्लीनरची बाटली लिटरला दोन हजारांच्या घरात होती.

पद्धत अशी बसली. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम पावडर. नुसतं पाणी उभ्या बाजूवर टिकत नाही, ओघळून जातं, म्हणून सुती साडीला घालतो तशी मैद्याची खळ करून, पूर्ण गार झाल्यावर तिच्यात ते मिसळायचं. रंगाच्या ब्रशने डागावर जाड लावायचं, सावलीत, दोन-दोन फुटांचा तुकडा. घासायचं नाही, वाट पाहायची. साताठ मिनिटांनी चहात दूध ओतावं तसा तो तपकिरी रंग फिकट व्हायला लागतो, आधी कडा, मग मधला भाग. वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. जिथे डाग जुना आहे तिथे दुसरा हात. आमचं सगळं दोन हातांत गेलं आणि ट्रेलरही शांत राहिला, कारण यावेळी सांगाडा प्लास्टिकने गुंडाळला होता.

गंजाचा बाप असला तरी हे विष आहे, विसरू नका. रबरी मोजे, चष्मा, पोरं आणि कुत्रा आत. ब्लीचिंग पावडरशी किंवा कुठल्याही ब्लीचशी गाठ पडू द्यायची नाही, क्लोरीन वायू सुटतो. धुतलेलं पाणी मी टबात धरून खायचा सोडा घालतो, फसफसणं थांबेपर्यंत. आणि हे काम धरणाच्या काठावर कधीच नाही. तिथे फक्त साधं पाणी आणि ब्रश. जलूदचं आधी सांगितलंच.

एक चूक इथेही झाली. पहिल्यांदा बोरिंगच्या पाण्याने धुतलं. आमचं बोरिंग इतकं जड की डाळ शिजत नाही. ऑक्झॅलिक आणि पाण्यातला चुना एकत्र आले की न विरघळणारी पांढरी साय तयार होते, ती बोटीवर धुक्यासारखी बसली. लिंबूफूल, व्हिनेगर, कशानेही हलली नाही, शेवटी कंपाउंडनेच (घासून चमक आणायच्या पेस्टने) काढावी लागली. म्हणून आता क्रम उलटा : आधी पाण्याच्या रेघेवरचे चुन्याचे पांढरे ठिपके लिंबूफुलाच्या पाण्याने काढायचे, ते धुऊन टाकायचं, मग ऑक्झॅलिक, आणि शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने.

ऑक्झॅलिक डागाबरोबर जुनं वॅक्सही नेतं. म्हणजे ते लावलं की वॅक्स आलंच. आधी कंपाउंड, एका कार डिटेलिंगवाल्या मित्राच्या ड्युअल अॅक्शन पॉलिशरने. त्याने माझी अॅसिडची मिशी ऐंशी टक्के भरून काढली, उरलेली तिरक्या उन्हात अजून दिसते. मग वॅक्सचा प्रयोग केला, ज्याचा मला अभिमान आहे. डावी बाजू कार्नोबा पेस्ट, म्हणजे झाडाचं मेण, उजवी बाजू पॉलिमर सीलंट, म्हणजे कृत्रिम लेप. दोन्ही गाड्यांच्या दुकानातलीच. नोव्हेंबरच्या मध्याला लावून बोट पुन्हा पाण्यात सोडली.

कार्नोबाची बाजू पहिल्या आठवड्यात जास्त सुंदर दिसत होती, कबूल. पाण्याचे थेंब मोत्यासारखे. पण संक्रांतीपर्यंत मोती संपले, पाणी चादरीसारखं पसरायला लागलं. उजव्या बाजूला मार्चमध्ये बोट बाहेर काढली तेव्हाही थेंब धरत होते, थोडे चपटे. मिशी दोन्हीकडे आली, डावीकडे गडद, उजवीकडे फिकट, आणि उजवीकडची ऑक्झॅलिकच्या एकाच हातात गेली. साय तर नुसत्या स्पंजने. लावायला मात्र पॉलिमर नखरेल आहे : उन्हात किंवा गरम बुडावर लावलं तर पट्टे धरतं. सकाळी आठच्या आत काम आटपायचं. पुढच्या वेळी दोन्ही बाजू पॉलिमर. एवढं लक्षात ठेवा की कधीकाळी बुडाला रंग द्यायचा असेल तर आधी हे सगळं वॅक्स पूर्ण काढावं लागेल, नाहीतर रंग सालपटासारखा निघेल.

आउटबोर्डवरच्या बळीच्या धातूबद्दल, म्हणजे इंजिनाचा धातू वाचावा म्हणून आधी स्वतः झिजणाऱ्या तुकड्याबद्दल, दोन ओळी. आधीच्या मालकाने जस्ताचा लावला होता, समुद्रातल्यासारखा. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरी खपली धरते आणि मग तो काम करत नाही. मॅग्नेशियमचा घातला. तो झिजताना दिसतोय, म्हणजे त्याचं काम चाललं आहे.

खरं नुकसान शेवाळाने नाही, झाडांनी केलं. फेब्रुवारीअखेर पाणी उतरलं की बुडालेल्या सागांचे बुंधे पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात, दिसत नाहीत आणि वाकतही नाहीत. एकाने बुडाच्या मधल्या कण्याच्या उजवीकडे हातभर लांब ओरखडा काढला, जेलकोट फाडून आतला फायबर दिसेपर्यंत. हे तसंच सोडलं तर पाणी आतल्या थरात शिरतं आणि काही काळाने फोड येतात. ते फोडले की व्हिनेगरसारखा वास येतो. म्हणून मे महिन्यात जेलकोट पेस्ट घेऊन बसलो. हार्डनर अगदी थोडा, दीड टक्का, तरी इंदूरच्या मेमध्ये चौथ्या मिनिटाला वाटीतच दगड झाला. दुसरी वाटी पहाटे पाचला कालवली. लावल्यावर हवा लागली तर वरचा थर चिकटच राहतो, म्हणून वर जाड प्लास्टिक चिकटवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाण्यासकट ६००, मग १०००, मग १५०० चा पॉलिश पेपर. आकार उत्तम जमला. रंग मात्र नाही. पांढऱ्याचे इतके प्रकार असतात हे मला लग्नाच्या साड्या घेताना कळलं नव्हतं ते इथे कळलं.

मध्यंतरी मित्रांना बोट इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावाला न्यायची हुक्की आली होती. परवानगीचं राहू दे, पण ट्रेलरच्या रोलरमध्ये जलकुंभीचा (जलपर्णीचा) एक तुकडा अडकलेला मी स्वतः काढला होता. एका तलावातून दुसऱ्यात जायचं तर आधी बोट धुऊन, बुच काढून सगळं पाणी निथळवून, चांगली वाळवूनच. तेवढा दम कोणाला नव्हता, बेत बारगळला.

आता जून. बोट ताडपत्रीखाली आहे, नाक वर, बुच काढलेला, आणि ताडपत्री बुडाला टेकणार नाही इतकी खाली मोकळी हवा. रंगाचे ते दोन डबे अजून माळ्यावर आहेत. मावसभाऊ दिवाळीत येणार आहे, त्याच्याबरोबर रेवदंड्याला पाठवून देईन.