आठ महिने, सात विभक्त्या आणि एक मोडकी मर्सिडीज

सर्बियातल्या नोवी साद शहरात राहायला आल्यावर ऑफिसातल्या एका मित्राने लूना बँडचा १९८४ चा अल्बम ऐकवला. गायक स्लोबोदान तिश्मा. हाच माणूस पुढे लेखक झाला आणि त्याच्या ‘बेर्नार्दीयेवा सोबा’ (बेर्नार्दीची खोली) या कादंबरीला २०११ चा निन पुरस्कार मिळाला, म्हणजे सर्बियन कादंबरीतला सगळ्यात मानाचा, हे कळल्यावर पुस्तक लगेच घेतलं. रॉकवाल्याचं पुस्तक म्हणजे कफानातल्या (म्हणजे इथल्या दारूच्या गुत्त्यातल्या) रात्री, दारू, भांडणं, असा माझा हिशेब.

हिशेब साफ चुकला. याचा नायक पार्किंगमधल्या एका मोडक्या मर्सिडीजच्या सांगाड्यात जाऊन पडतो. घरात बेर्नार्दो बेर्नार्दी या युगोस्लाव काळातल्या नावाजलेल्या डिझायनरचं फर्निचर आणि हा बाहेर भंगारात! पहिले दोन महिने मी चिडूनच वाचत होतो.

भाषेचा त्रास वेगळाच. सर्बियनला सात विभक्त्या. शाळेत घोकलेलं प्रथमा ते संबोधन आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं, हे मान्य. पण रोज दीड पान, त्यात अर्धा वेळ मोबाइलमधल्या शब्दकोशात. शब्द कळायचे, माणूस कळायचा नाही.

चौथ्या महिन्यात त्याच मित्राने एक गोष्ट सांगितली. १९७२ ते १९७७ या काळात तिश्मा आणि त्याचा कलेतला जोडीदार चेदोमिर द्र्चा मित्रांना घेऊन इथल्याच एका दुकानासमोर बसायचे. अमेरिकन कोका-कोला आणि रशियन क्वास (पाव आंबवून केलेलं पेय) प्यायचे. बस्स. ही त्यांची ‘अदृश्य कला’. एका हातात अमेरिका, दुसऱ्या हातात रशिया आणि मधे हे रिकामटेकडे. आमच्या डोंबिवलीत याला नाक्यावर टवाळक्या करणं म्हणतात आणि त्याबद्दल घरी शिव्या बसतात. मी मात्र ते ऐकून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं. काही घडायची वाट बघणं सोडलं आणि गाडीत पडलेल्या त्या माणसाशी एकदम पटायला लागलं. काही ठिकाणी तर चक्क हसू आलं.

तक्रारी आहेतच. मधली काही पानं लांबतात, नायकाचं स्वतःभोवती घुटमळणं कधीकधी नको होतं. बांधणीही सुटली, पण तो दोष माझ्या पाठपिशवीचा. प्रवासात वेळ घालवायला घेणार असाल तर घेऊ नका. मलाही ट्रेनमध्ये ते एकदाही वाचता आलं नाही. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, कुणी हाक मारणार नसेल तेव्हाच जमलं.

मित्राने परवा पुस्तक मागितलं. म्हटलं, तुझं तू विकत घे.