पुढे चाकं असलेला घडीचा वॉकर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वापर कुठे झाला ते आधी सांगतो. गोव्यातल्या फोंड्याकडचं जुनं चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर, पुढे सोपो, आत तांबडी गुळगुळीत जमीन, दारोदार उंबरठा, न्हाणी मागच्या अंगाला. वापरणारी आई ऐंशीच्या पुढची. गुडघे झिजलेले, डोकं लख्ख. वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचा घडीचा वॉकर, पुढच्या दोन पायांना पाच इंची चाकं, मागच्या दोन पायांना रबरी बूट. मिरगाच्या आधी आणला, शिगमो झाला तरी रोज चालू आहे. वस्तू चांगली आहे. पण घरात काही फेरफार न करता नुसता वॉकर आणून ठेवलात, तर महिन्याभरात त्याच्यावर टॉवेल वाळत पडतील.

पहिली गोष्ट उंची. दुकानातून येतो तेव्हा तो बहुधा जास्त उंच लावलेला असतो. घरात घालतात त्याच चपला घालून सरळ उभं करायचं, हात सैल सोडायचे; वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं, साधारण १५ ते २० अंश. उंच राहिला तर खांदे वर चढतात आणि मान धरते. ठेंगणा राहिला तर माणूस पुढे झुकतो, नजर जमिनीला लागते. पायांतल्या स्प्रिंगच्या बटणांनी उंची बदलते. चारही बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात बसली पाहिजेत आणि पूर्ण बाहेर आली पाहिजेत. अर्धवट बसलेलं बटण वजन पडलं की आत सरकतं.

चालण्याचा क्रम: वॉकर वीतभर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पुढच्या दांडीला पोट टेकेपर्यंत आत शिरायचं नाही, तोल मागे जातो. सगळ्यात घातक सवय म्हणजे खुर्चीवरून उठताना वॉकर ओढून उठणं. तो अंगावर कलंडतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून उठायचं आणि उभं राहिल्यावरच मूठ धरायची. बसताना उलट: पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, मग एकेक हात खुर्चीवर. बिनहाताच्या प्लास्टिक खुर्च्या घरातून काढाव्यात हे माझं ठाम मत. पाहुण्यांसाठी ठेवायच्या तर सोप्यावर ठेवा.

आता गोव्याच्या हवेचं. पावसात तांबड्या जमिनीला दमटपणाने ओल सुटते, आणि त्या ओलीवर झिजलेला रबरी बूट सरळ घसरतो. बूट उलटा करून बघायचा: तळाच्या रेषा पुसल्या असतील किंवा मध्ये धातूची चकती चमकत असेल तर त्याच दिवशी बदलायचा. आमच्याकडे मागचे दोन्ही पावसाळ्यातच गेले, कारण चाकांच्या वॉकरमध्ये तेच सतत घासत येतात. नवा घेताना नुसतं ‘वॉकरचा बूट’ म्हणू नका, नळीचा बाहेरचा व्यास मोजून किंवा जुना बूट घेऊन जा. सैल बूट चालता चालता निघतो. बसवताना आतून साबणाचं पाणी लावलं की सहज चढतो, मग सुकू द्यायचा. दुसरी तक्रार स्क्रूंची. नळी ॲल्युमिनियमची, ती गंजत नाही, पण चाकांच्या आसाचे आणि घडीच्या कळीचे स्क्रू लोखंडी निघाले. दमट हवेत गंजले आणि कळ अडकू लागली. काढून स्टेनलेसचे घातले. कंपनीने आधीच घालायला काय जात होतं?

चाकांना उंबरठा चढत नाही. वॉकर उचलून पलीकडे ठेवावा लागतो आणि तोल जातो तो नेमका तेव्हाच. उतार करायचा तर एकाला बारा हे माप: १० सेंटिमीटरच्या उंबरठ्याला १२० सेंटिमीटर उतार लागतो. सुतार दीड फुटाची फळी टेकवून देतो, ती घसरगुंडी होते, घेऊ नका. न्हाणीच्या दाराची मोकळी रुंदी वॉकर घेण्याआधी मोजा. अंगणात चाकं मातीत रुततात, म्हणून तुळशीभोवती खडबडीत सिमेंटचा तीन फुटी पट्टा केला. रोजची प्रदक्षिणा तिच्या पायांनी होते, आणि व्यायाम म्हटलं की नाक मुरडणारी आई त्या निमित्ताने चालते. पायऱ्यांवर मात्र वॉकर कधीही नाही. तिथे कठडा धरून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

न्हाणीतला आधाराचा दांडा चिऱ्याच्या भिंतीत नेहमीच्या फास्टनरने टिकत नाही. चिरा सच्छिद्र, भोक वाढत जातं. तिथला भाग कोरून काँक्रीट भरलं, ते मुरू दिलं, मग त्यात दांडा ठोकला. सक्शन कपने भिंतीला चिकटणारे दांडे फुकट.

वॉकरने पाय मजबूत होत नाहीत, ते वेगळं करावं लागतं. खुर्चीवरून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, असा तोल सांभाळण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. प्रगती मोजायला सोपी चाचणी आहे: खुर्चीवरून उठून वॉकरसकट ३ मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायचं. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. वॉकर लागणाऱ्यांना बहुधा जास्तच लागतात, म्हणून महिन्यागणिक आकडा वाढतोय का ते बघायचं. एकदम वाढला तर रक्तदाबाच्या चालू गोळ्या सोबत घेऊन डॉक्टरांकडे, आणि बसून व उभं राहून असे दोन्ही रक्तदाब घ्यायला सांगायचे.

कागदपत्रांचं काम सुद्धा पाय चालतात तोवरच उरकावं, कारण सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या वॉकरला जुमानत नाहीत. मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका, करून देणाऱ्याची समज गेली की ते लंगडं पडतं. बँकेचं खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ असं करून घ्या. गोव्यात मृत्युपत्र घरी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्याने भागत नाही, ते विशेष नोटरीसमोर, म्हणजे उपनिबंधकाच्या कार्यालयात होतं. मुलं असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्याचीच वाटणी मनासारखी करता येते. शेवटच्या आजारात कुठवर उपचार करायचे याचं इच्छापत्र मात्र सोपं झालंय: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्याची एक प्रत, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून वॉकरच्याच दांडीला बांधली आहे. १०८ आली की कपाट उघडत बसावं लागत नाही.