ध्वजांसाठी घेतलेली टेलिस्कोपिक ट्यूब: विमानप्रवासाच्या एका हंगामानंतर

गेल्या गणेशोत्सवाआधी आमच्या ढोल-ताशा पथकाचे ध्वज परगावच्या कार्यक्रमांना विमानाने नेता यावेत, म्हणून पुण्यातील अप्पा बळवंत चौकातून सर्वांत मोठ्या मापाची टेलिस्कोपिक ड्रॉइंग ट्यूब घेतली. म्हणजे नकाशे-चित्रे गुंडाळून ठेवायची, सरकवून लांब करता येणारी प्लॅस्टिकची नळी. लिहिण्याचे कारण असे की, परवा लोहगाव विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर ट्यूब आली ती झाकणाविना आली. आमच्या मखमली निशाणाची जरीची कड बाहेर लोंबत होती आणि तिच्यावर रबराचा काळा ओरखडा होता. तो डाग अजून गेलेला नाही.

तोपर्यंत मी या ट्यूबची शिफारस अनेकांना केली होती आणि तिचे गुण आजही नाकारत नाही. सॅटिनचा ध्वज घडी घालून नेला, तर मंचावरील प्रकाशात घडीच्या रेघा लांबूनही दिसतात. मखमलीची लव घडीवर दबते ती वाफ देऊनही पूर्ण उठत नाही, जरीची तार तिथेच मोडते आणि फ्लेक्सवर छपाई तडकून पांढरी रेघ उमटते. म्हणून गुंडाळणे हाच मार्ग आहे. गुंडाळतानाही दर्शनी बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे सुरकुत्या अस्तराच्या बाजूला पडतात, आणि प्रत्येक वेढ्यात धुतलेल्या मलमलीचा तुकडा घालावा. असे भरलेले ध्वज या ट्यूबमधून इस्त्री न लागता बाहेर निघत, आणि कार्यक्रमाआधीचा आमचा बराच वेळ वाचत असे.

मात्र सगळा दोष झाकणात आहे. ते नुसते दाबून बसवायचे आहे; त्याला आटे नाहीत, खटका नाही, पिनही नाही. ट्यूब उभी आपटली की आतील कापडाचा सगळा भार झाकणावर येतो, आणि सामान चढवता-उतरवताना ती अनेकदा उभी आपटते. शिवाय विमानातील हवेचा दाब उड्डाणात साधारण २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपर्यंत उतरतो. झाकण खरोखर हवाबंद बसले असेल आणि विमान समुद्रकाठच्या शहरातून निघालेले असेल, तर १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून २० किलोंच्या आसपास जोर येऊ शकतो. सैल झाकण आपटून निघते आणि घट्ट झाकण हवेने ढकलले जाते, अशी ही रचना आहे. चिकटपट्टीने ते आवळून पाहिले. पण क्ष-किरण तपासणीत शंका आली की ट्यूब उघडायला सांगतात, पट्टी कापली जाते आणि परत लावायला त्या वेळी हाताशी काही नसते.

दुकानात गेलो, तर सुटे झाकण मिळत नाही, नवीन ट्यूब घ्या, असे उत्तर मिळाले. हजारापेक्षा जास्त किमतीची वस्तू प्लॅस्टिकच्या एका वाटीसाठी टाकून द्यायची, हे मला कोणत्याही हिशेबात पटत नाही. विमान कंपनीने सामान नाजूक असल्याच्या चिठ्ठीवर आमची सही दाखवली आणि जबाबदारी झटकली. तरीही सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत द्यावी लागते, म्हणून ती विमानतळ सोडण्याआधीच दिली. आपणही तसेच करावे.

त्यानंतर रविवार पेठेतील बोहरी आळीतून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मीटरभर कापून घेतला, एका टोकाला टोपी सोल्यूशनने चिकटवली आणि दुसऱ्या टोकाला आट्यांचे झाकण बसवले. एकूण खर्च ट्यूबच्या निम्म्याहून कमी आला. लांबी, रुंदी व उंची मिळून माप १२५ सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे अनेक विमान कंपन्यांच्या १५८ सेंटिमीटरच्या मर्यादेत तो सहज बसतो. बंद पाइपात दमट हवा कोंडून जरीची तार काळी पडू नये आणि दाबही साठू नये, म्हणून टोपीला बारीक छिद्र पाडले आहे व आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. वजन ट्यूबपेक्षा जास्त आहे आणि खांद्याचा पट्टा स्वतः बांधावा लागतो. देशांतर्गत प्रवासात साधारणपणे १५ किलो सामान मोफत असले, तरी अनेक तिकिटांवर नग एकच चालतो. म्हणून पथकातील एका सभासदाने स्वतःची बॅग केबिनपुरती ठेवायची आणि त्याच्या नावावर पाइप द्यायचा, अशी आमची पद्धत ठरली आहे. काठ्या केबिनमध्ये नेता येत नाहीत. बांबू आम्ही कार्यक्रमाच्या गावीच घेतो.

राष्ट्रध्वज मात्र मी नळीत कधीच घालत नाही. केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडून, मग दोन्ही बाजू आत घेऊन, अशोकचक्र वर दिसेल अशी त्याची घडी घालतो आणि स्वच्छ कापडी पिशवीत, केबिनच्या बॅगेत सर्वांत वर ठेवतो. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेत पॉलिस्टरलाही मान्यता आहे आणि त्यावर घड्या कमी पडतात; तरी खादीचा ध्वज नेऊन तिकडे इस्त्री करणे मला अधिक योग्य वाटते.

ट्यूबच घ्यायची असेल, तर दुकानात तीन-चार किलोंचे कापड आत भरून ती उलटी धरावी व दोन-तीनदा झटकावी, आणि झाकण तसूभर जरी सरकले तरी ती परत करावी. माझ्याकडून तिला सध्या दोन तारे आहेत. सुटे झाकण विकायला सुरुवात झाली, तर तिसरा देईन.