शिफ्टचा सुपरवायझर: शॉपमधला सेटर की बाहेरचा डिप्लोमाधारक?

भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत चाळीस-पन्नास माणसांचे मशीन शॉप चालवणाऱ्याला हा निर्णय कधी ना कधी घ्यावा लागतोच. सुपरवायझर सोडून जातो आणि त्याच्या खुर्चीवर शॉपमधलाच जुना सेटर (मशीनवर टूल आणि मापे बसवून देणारा कारागीर) बसवायचा, की चार-सहा वर्षे अनुभव असलेला डिप्लोमाधारक बाहेरून आणायचा, असा पेच पडतो.

मशीनच्या ज्ञानात सेटर सहसा पुढे असतो. दुपारी शिफ्ट बदलताना वर्नियर (माप घेण्याचे साधन) हातात घेण्याआधी मशीनपाशी क्षणभर उभा राहणारा आणि कटिंगच्या चिरक्या आवाजावरून इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) बदलायला सांगणारा सेटर मी पाहिला आहे. बाहेरून आलेल्याला त्या शॉपचा हा कान यायला बराच काळ जातो. मात्र हाच सेटर नव्या ऑपरेटरला ऑफसेट (मशीनमध्ये भरायची टूलच्या मापाची दुरुस्ती) समजावून सांगण्याऐवजी ‘सरक बाजूला’ म्हणून स्वतःच काम करून टाकत असे. सेटर असताना ते खपून गेले, पण सुपरवायझर झाल्यावर शॉपच्या बाराही मशीनवर तो स्वतः पोहोचू शकत नव्हता. डिप्लोमाधारकाला आवाज कळत नसला तरी रिजेक्शनची (नापास मालाची) नोंद ठेवणे, फर्स्ट पीसचा (पहिल्या नगाच्या तपासणीचा) रिपोर्ट लिहिणे आणि ग्राहकाच्या ऑडिटला उत्तरे देणे त्याला सहज जमते.

खरी कसोटी माणसांशी असलेल्या नात्याची असते. काल एकाच डब्यातली भाजी खाणाऱ्या मित्रांची रजा आज नामंजूर करायची, ‘अरे-तुरे’ करणाऱ्याला उशिरा आल्याबद्दल मेमो द्यायचा, हे सेटरला फार जड जाते. मग तो मित्रांना झुकते माप देतो किंवा पक्षपाताचा आरोप नको म्हणून त्यांच्याशीच जास्त कडक वागतो; दुसरी चूक मला अधिक वेळा दिसली आहे. बाहेरच्याला हे ओझे नसते, पण कोण कोणाचा मेहुणा, कोणाच्या घरी आजारपण आहे, दिवाळीची रजा कोणी आधीच ठरवून ठेवली आहे, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. शिवाय ज्या दोन-तीन जुन्या माणसांना ती जागा आपली वाटत होती, त्यांचा थंड असहकार त्याला पहिल्या दिवसापासून सोसावा लागतो.

पगाराचा हिशेब अनेक मालक करतच नाहीत. ओव्हरटाईम दुप्पट दराने देण्याचा नियम 1948 च्या कारखाने अधिनियमापासून चालत आला आहे. 24,000 रुपये पगाराच्या सेटरने महिन्याला 20 तास जादा काम केले, तर 26 दिवस आणि 8 तासांच्या हिशेबाने त्याला साधारण 4,600 रुपये वर मिळतात. त्याला 28,000 वर सुपरवायझर केले आणि ओव्हरटाईम बंद केला, तर बढती मिळूनही घरी जाणारी रक्कम घटते. त्यात 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही, म्हणजे त्या नात्याने मिळणारे संरक्षणही सुटते. सेटर ‘विचार करून सांगतो’ म्हणतो, तेव्हा त्याला आळशी समजू नये. बाहेरचा माणूस अर्थातच महाग पडतो आणि शेजारच्या कंपनीने दोन-तीन हजार वाढवून दिले की निघून जाण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते.

माझा कल सेटरकडे आहे, पण शॉपचा आजार माल वेळेवर न निघण्याचा किंवा हात कच्चे असण्याचा असेल तरच. हजेरीत फेरफार, ठरावीक टोळक्याला ओव्हरटाईम किंवा भंगाराच्या नोंदीत गोलमाल असे आजार मुरलेले असतील, तर आतल्या माणसाला त्याच मित्रांसमोर उभे करणे अन्याय आहे. तिथे बाहेरचाच आणावा आणि पहिले सहा महिने मालकाने त्याच्या पाठीशी उघडपणे उभे राहावे.

सेटरला निवडले तर माणसे सांभाळण्याचे शिक्षण द्यावेच लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने कारखान्यांतील पर्यवेक्षकांसाठी दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचे अभ्यासक्रम तयार केले, आणि युद्धानंतर ते जपानमध्ये रुजले. त्यांपैकी माणसांशी वागण्याच्या अभ्यासक्रमातला क्रम असा होता: आधी वस्तुस्थिती गोळा करा, मग तोलून निर्णय घ्या, अंमल करा आणि परिणाम तपासा. शॉपमधल्याच एखाद्या खऱ्या भांडणावर हा क्रम चालवून पाहिला, तर दहा तासांत बरेच शिकवता येते. रजा आणि ओव्हरटाईम मंजूर करण्याचा अधिकार त्याला खरोखर द्यावा, नाहीतर माणसे त्याला ओलांडून थेट मालकाच्या केबिनमध्ये येऊ लागतात. पहिले तीन महिने प्रभारी म्हणून नेमावे, आणि जमले नाही तर जुन्या पगारावर सेटरच्या जागी परत येता येईल, असे लेखी पत्र पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्यावे.