लीडचं जुनं युनिट घेताना आमची झालेली फसवणूक

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका संशोधकाने मला एक फोटो पाठवला आणि विचारलं, "मॅडम, हे लीडचं युनिट मिळतंय. घेऊ का?" लीड म्हणजे पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणी पाहायचं उपकरण, आणि फोटो होता त्याच्या पडद्यावरच्या नमुन्याचा. तो उघडला आणि पोटात गोळा आला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट ठिपके, मुख्य ठिपक्यांच्या मधल्या प्रत्येक रेषेवर सहा-सहा बारीक ठिपके. दीड वर्षापूर्वी हाच फोटो दाखवून आम्हाला गंडवलं होतं. तोच फोटो, वरच्या कोपऱ्यातला तोच चकाकणारा डागसुद्धा. तेव्हा हे प्रकरण मी चार भिंतींच्या आत ठेवलं होतं. ते चुकलंच. आता सगळं लिहिते.

आमची प्रयोगशाळा घन पदार्थांच्या पृष्ठभागांवर काम करते. स्फटिकाच्या अगदी वरच्या दोन-चार थरांत अणू कसे बसलेत हे पाहायला लीड लागतं, म्हणजे कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं विवर्तन. २० ते ३०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडायचा. १५० इलेक्ट्रॉन व्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी जवळपास १ अँगस्ट्रॉम असते, अणूंमधल्या अंतराच्या मापाची, म्हणून परतणारे इलेक्ट्रॉन ठराविक दिशांनाच जोरात येतात. वाटेतल्या अर्धगोल जाळ्या ऊर्जा गमावलेल्या इलेक्ट्रॉनांना अडवतात. उरलेले पाच-सहा हजार व्होल्टने ओढले जाऊन फॉस्फरच्या पडद्यावर आदळतात आणि ठिपके उमटतात. नवीन युनिट आमच्या अनुदानात बसत नव्हतं, म्हणून जुनं शोधत होतो.

विक्रेत्याचं बोलणं अत्यंत गोड आणि माहीतगाराचं होतं. एक प्रयोगशाळा बंद होतेय, तिथलं सामान काढतोय, चार जाळ्यांचं युनिट आहे, पुढून पाहण्याच्या रचनेचं, चालू स्थितीत. चार जाळ्या आम्हाला हव्याच होत्या, कारण त्याच युनिटवर ऑजे स्पेक्ट्रमही (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारा) घ्यायचा होता. आणि सोबत तो फोटो. सिलिकॉन (१११) या पृष्ठभागाचा सात-बाय-सात, म्हणजे अणूंची मांडणी दोन्ही दिशांना सातपट अंतराने पुन्हा येते तो नमुना. या क्षेत्रातल्या माणसावर या चित्राचा काय परिणाम होतो हे बाहेरच्याला कळणार नाही. हा नमुना १९५९ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि त्यामागची अणूंची रचना उलगडायला १९८५ उजाडलं. तो इतका स्वच्छ दिसतोय म्हणजे झोत सोडणारी गन उत्तम, जाळ्या उत्तम, निर्वात उत्तम, असं आपण मनात धरूनच टाकतो. मीही धरलं. "दुसरा एक ग्राहक थांबलाय, पूर्ण रक्कम या आठवड्यात आली तर तुमचं," असं त्याने सांगितलं. बिलावर एक नाव आणि बँक खात्यावर दुसरं, हे आमच्या हिशेबनिसांनी दाखवलं होतं. ती संबंधित संस्था आहे, एवढ्या उत्तरावर मी पैसे सोडायला सांगितले.

युनिट आलं तेव्हा पॅकिंग नीट होतं. फ्लँजची, म्हणजे चेंबरला जोडायच्या कड्याची, धार बोटाने चाचपली, एकही खाच नव्हती. मल्टीमीटर लावून फिलामेंट, म्हणजे गनमधली तापणारी तार, सलग असल्याचं पाहिलं, जाळ्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत हे पाहिलं. बाहेरचं धातूचं कवच मात्र काढलं नाही. आतल्या जाळ्या फार नाजूक, उगाच हात कशाला लावा, असा विचार केला. ते कवच काढलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या चेंबरवर, म्हणजे प्रयोगाच्या निर्वात पेटीवर, नव्या तांब्याच्या गॅस्केटने युनिट बसवलं, पंप लावले आणि १५० अंशांवर दोन दिवस बेकिंग केलं, म्हणजे भिंतींना चिकटलेले वायू निघावेत म्हणून ते तापवलं. आम्हाला १० चा उणे १० वा घात मिलीबार इतका खालचा दाब लागतो. हा हट्ट नाही: १० चा उणे ६ वा घात टॉर (मिलीबारच्याच आसपासचं एकक) दाब असेल तर स्वच्छ पृष्ठभागावर साधारण सेकंदाभरात वायूचा अख्खा थर बसू शकतो, मग मोजायचं काय? चेंबर थंड झाल्यावर दाब त्याच्या शंभरपट वर अडकून राहिला. गळती शोधली, हेलियम फिरवलं, कुठेच नाही. मग गनचं फिलामेंट तापवायला घेतलं आणि माझा पीएच.डी.चा विद्यार्थी शेषवायूंच्या आलेखासमोर बसला, चेंबरमध्ये उरलेले वायू कोणत्या वस्तुमानाचे आहेत ते त्यात दिसतं. थोड्याच वेळात म्हणाला, "मॅडम, ६४ वर काहीतरी वाढतंय." पाठोपाठ ६६, मग ६८. फक्त ६४ असतं तर सल्फर डायऑक्साइड म्हणता आलं असतं. पण ६४ सर्वांत उंच, ६६ त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, ६८ त्याहून खाली, हा जस्ताच्या समस्थानिकांचा (वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा) ठसा आहे. आमच्या चेंबरमध्ये जस्त असायचं काहीच कारण नव्हतं.

पडद्याला व्होल्टेज देऊन पाहिलं तर ३००० च्या आसपासच ठिणग्या उडायला लागल्या. सगळं बंद करून, कोरडा नायट्रोजन भरून युनिट बाहेर काढलं.

कवच काढल्यावर पहिल्यांदा दिसले ते स्क्रू. फिलामेंटचा धारक पितळेच्या चार साध्या स्क्रूंनी बसवलेला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि निर्वातात जस्त तापलं की उडून जातं. म्हणून अति-उच्च निर्वातात पितळ कोणी घालत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. त्यातला एक स्क्रू मी काढून कागदावर ठेवला. डोकं पिवळंधमक, आणि फिलामेंटकडचं टोक तांबूस, नव्या तांब्याच्या नाण्यासारखं. तिथलं जस्त निघून गेलं होतं, आणि ते आमच्याच चेंबरच्या भिंतींवर जाऊन बसलं होतं. जाळ्या मोजल्या तर तीनच. दुसरी आणि तिसरी जाळी एकाच पिनला जोडलेली असते, त्यामुळे मधली एक काढून घेतली तरी बाहेरून मल्टीमीटरला पत्ता लागत नाही. तिची तार मुळाशी कापलेली दिसली. सर्वांत बाहेरच्या जाळीचा एक धागा तुटून पडद्याकडे वाकला होता, त्या ठिणग्या तिथल्याच. पडद्याच्या कडेचा फॉस्फर खपल्यांसारखा सुटत होता.

विक्रेत्याला फोटोंसकट कळवलं. उत्तर आलं, "आम्ही पाठवलं तेव्हा चालू होतं, वाहतुकीत बिघडलं असेल." धागा वाहतुकीत तुटू शकतो, मान्य. पण वाहतुकीत स्टीलच्या स्क्रूंच्या जागी पितळेचे स्क्रू येत नाहीत आणि जाळीची तार कोणी पकडीने कापत नाही. हे लिहिल्यावर उत्तरं थांबली, नंतर फोन लागेनासा झाला. एक पैसाही परत मिळाला नाही. युनिट बनवणाऱ्या कंपनीला अनुक्रमांक कळवला तेव्हा त्यांच्या नोंदीत चारच जाळ्या होत्या. ही चौकशी पैसे देण्याआधीही एका ईमेलवर झाली असती.

आणि तो फोटो. आमच्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ सरांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "युनिट पुढून पाहायचं होतं ना? मग मधोमध ही गनची सावली कशी?" पुढून पाहण्याच्या रचनेत आपण नमुन्याच्या मागून पडद्याकडे पाहतो, त्यामुळे मधला भाग नमुना आणि त्याचा धारक झाकतात, तिथे ओबडधोबड, एका बाजूने दांडी आलेली सावली दिसते. मागून पाहण्याच्या रचनेत पारदर्शक पडद्यातून पाहतो आणि मधे छोट्या गनचा नेटका गोल काळा डाग येतो. आमच्या फोटोत नेटका गोल डाग होता. तो फोटो त्या प्रकारच्या युनिटमधून निघणं शक्यच नव्हतं. शेकडो वेळा असे नमुने पाहिलेली मी ठिपके मोजत बसले आणि मधल्या काळ्या डागाकडे पाहिलंच नाही.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, सरकारी अनुदानाचे पैसे होते ते. पण जास्त लागलं ते चेंबरचं. आतले भाग काढून आम्लाने धुतले, जे धुता येत नव्हते ते बदलले, पुन्हा पुन्हा बेकिंग केलं. माझ्या त्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे सात महिने यात गेले आणि प्रबंधातलं एक प्रकरण त्याला बदलावं लागलं. त्याने एकदाही तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच मला ते जास्त टोचतं.

जुनं युनिट घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की स्थिर फोटो पुरावा म्हणून घेऊच नका. झोताची ऊर्जा बदलत असतानाचा, न तोडलेला व्हिडिओ मागा, आणि त्याच चौकटीत कंट्रोलरवरचा आकडा आणि फ्लँजवरचा अनुक्रमांक दिसू दे. ऊर्जा वाढली की ठिपके मध्याकडे सरकतात. ४० वरून १६० इलेक्ट्रॉन व्होल्टला गेलं की मध्यापासूनचं त्यांचं अंतर निम्मं होतं. ही हालचाल उसन्या फोटोतून दाखवता येत नाही. बेकिंगनंतरचा शेषवायूंचा आलेखही मागा. युनिट हातात आलं की चेंबरला लावण्याआधी कवच काढा, टॉर्च घेऊन प्रत्येक स्क्रू पाहा, जाळ्या मोजा. पिवळा स्क्रू दिसला तर तिथेच थांबा. रकमेचा मोठा हिस्सा तुमच्या चेंबरमध्ये तुमच्या स्फटिकाचा नमुना दिसेपर्यंत रोखून धरा. याला तयार नसलेला विक्रेता कितीही गोड बोलला तरी सोडून द्या.

ज्याने मला फोटो पाठवला त्यालाही हेच सांगितलं, की ४० ते १६० चा व्हिडिओ माग. त्याने त्याच दिवशी मागितला. आज सहावा दिवस आहे. व्हिडिओ आलेला नाही. फोटो आणखी दोन आलेत, दोन्ही सात-बाय-सातचे, आणि निरोप, की दुसरा एक ग्राहक थांबलाय.