‘बलुतं’ आधी की ‘आमचा बाप आन् आम्ही’? नववी-अकरावीतल्या मुलांसाठी पुस्तक निवडताना

खानदेशातल्या बऱ्याच घरांत मुलांचं वाचन साने गुरुजींपाशी थांबतं. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, तेव्हा हा जिव्हाळा साहजिक आहे. त्यापुढे खऱ्या माणसांबद्दलचं काही द्यायचं असेल, तर ही चार पुस्तकं पाहा.

जातीबद्दल दोन आत्मकथनं आहेत: दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) आणि नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993). दोन्हीकडे गाव आहे, मुंबई आहे, पण वाचताना अनुभव अगदी वेगळा. ‘बलुतं’मधला दगडू मारुती पवार मुंबईच्या कावाखान्यातली वस्ती, दारू, शिव्या, शरीरसंबंध, काहीच झाकत नाही. स्वतःची लाजसुद्धा झाकत नाही, आणि पुस्तकाची ताकद त्यातच आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मी ते देणार नाही. सोळाव्या वर्षी जरूर द्यावं, फक्त घरातल्या कुणीतरी ते आधी वाचलेलं असावं. नाहीतर पोरगं प्रश्न घेऊन येतं आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

जाधवांच्या पुस्तकातही अपमान कमी नाहीत. नाशिकजवळच्या ओझरचे दामू, म्हणजे जाधवांचे वडील, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बाबासाहेबांची चळवळ, सगळं आहे. पण बाप स्वतः बोलतो, हट्टी आणि मिश्कील आहे, त्यामुळे मूल हसत हसत पुढचं पान उलटतं. आधी हेच घ्या. एक खोट मात्र आहे: पुढे पुढे कथा यशाकडे झुकते, आणि शिकलं की जात सुटते असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. तो समज ‘बलुतं’ ठेवू देत नाही. म्हणून दुसरं तेच.

वाचायचा कंटाळा असलेल्या मुलाला गोविंद पानसरेंची ‘शिवाजी कोण होता?’ द्या. भाषणातून झालेली पुस्तिका आहे, एका बैठकीत संपते. रयत, शेतसारा, सैन्यातले मुसलमान सरदार यांवर भर आहे. लेखक ठाम भूमिकेचे आहेत, तेव्हा शाळेचं पुस्तकही शेजारी असू द्या. जमलं तर नंदुरबारला स्वातंत्र्यलढ्यातल्या शिरीषकुमारच्या स्मारकावर न्या. 9 सप्टेंबर 1942 च्या गोळीबारात गेला तेव्हा तोही शाळकरी वयाचाच होता.

मनाच्या आरोग्यासाठी यशाच्या सूत्रांचे गठ्ठे नकोत. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ घ्या. पुण्यात 1986 साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राची ही हकिगत आहे, आणि तिची मराठी नववीच्या मुलाला सहज झेपते. ज्या घरात कुणी पितं, तिथल्या मुलाला ते सर्वांत जवळचं वाटेल. पण मूल झोपत नसेल, सतत गप्प असेल, तर पुस्तकावर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

चारही एकदम विकत घ्यायची गरज नाही. जळगावात व. वा. वाचनालय, धुळ्यात गरुड वाचनालय आहे. तिथे आधी चौकशी करा. विकत एकच घ्यायचं असेल, तर जाधवांचं.